न आलेल्या माणसाचा पुरावा

मंगळवारी सकाळी माझी पत्नी सुनंदा गेली. दुपारी आम्ही तिला नदीवर नेलं. संध्याकाळी घरी आलो.

त्या दिवसाबद्दल लोक विचारतात, मी सांगतो. पण त्या मंगळवारची एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. मुलीलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — थोडं सावकाश सांगू द्या.

मनोहर दिवसभर माझ्याजवळ होता. शाळेपासूनचा मित्र. लाकडं त्यानेच आणवली, खांदा दिला, परतल्यावर माझ्या हातात कडुनिंबाचा पाला ठेवला. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तो कुठेही गेला नाही. हे मला पक्कं आठवतं — आणि अडचण तीच आहे.

मनोहर नोंदणीकृत मूल्यांकक. रस्त्यात जाणारी घरं पाहायची, मोजायची, त्यांच्या किमतीचा अहवाल द्यायचा. आणि मी? अशा मूल्यांककांच्या वागणुकीबद्दल लोक जे तक्रारअर्ज करतात, ते गडचिरोलीला माझ्या टेबलावर येतात. मी छाननी करतो, अभिप्राय लिहितो. वरचे साहेब सहसा त्याखाली सही करतात.

काही महिन्यांनी शेवंताबाईंचा अर्ज आला. आलापल्लीकडच्या रस्त्यावर गाव, रुंदीकरणात जाणारं घर, बाई एकट्या. मनोहरच्या अहवालात मातीच्या भिंती आणि बांबूचं छप्पर होतं. अर्जात विटांच्या भिंती, सागवानी खांब, मागे बांधलेली विहीर. मूल्यांकक घरी आलेच नाहीत, असंही लिहिलेलं. मी अहवालातली पाहणीची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली.

तो मंगळवार ओळखायला मला कॅलेंडर लागणार होतं का?

अशा वेळी फाईल दुसऱ्याकडे सोपवायची असते. हा माझा मित्र आहे, एवढी एक ओळ लिहायची असते. निदान फेरपाहणी तरी सुचवायची — घर अजून उभं होतं. मी यातलं काही केलं नाही. मनोहरला विचारलंही नाही. बाईंना पत्र पाठवलं : पाहणी झाली नाही, याचा पुरावा सादर करावा.

शेवंताबाई एसटीने आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"दिवसभर अंगणात धान वाळवून राह्यली होती मी, भाऊ. कोनीच नाई आलं. तुमचा मोजनारा का भूत होऊन आला का?"

पुरावा लागतो, मी म्हणालो.

"जो आलाच नाई त्याचा पुरावा कुठून आनू? तुमीच सांगा न, त्या दिवशी तो कुठी होता?"

माझ्याकडे होता. एवढंच तर म्हणायचं होतं. मी कागद सारखे करत राहिलो. शेवटची गाडी चुकेल म्हणून त्या निघाल्या.

पुढे कितीतरी दिवस मी याला उपकाराची जाण म्हणत होतो. खांदा दिलेल्या माणसाविरुद्ध कसं लिहायचं? पण खरंच तसं होतं का? मला लोकांच्या बोलण्याची भीती वाटली. साक्ष द्यावी लागेल, सुनंदाच्या मृत्यूचा दाखला फाईलला लागेल, मनोहर माझं तोंड पाहणार नाही — या सगळ्याची भीती. मी भ्यालो, आणि तिच्या जाण्याच्या आड लपलो. तिला हे मुळीच आवडलं नसतं.

अभिप्रायात मी लिहिलं : तक्रारदार पुरावा देऊ शकल्या नाहीत, तक्रार निकाली काढावी. अक्षर नेहमीसारखंच आलं. साहेबांनी सही केली. बाईंना मोबदला मातीच्या घराचा मिळाला.

मनोहर अजून अहवाल लिहितो. मी त्याच टेबलावर आहे. शेवंताबाई आलापल्लीला भाचीच्या घरी राहतात. त्यांचं घर पाडलं, विहीर बुजवली. आता तिथे मोजण्यासारखं काही उरलेलं नाही.