तिकिटामागचं चौदावं कलम

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाने एका क्रिकेट सामन्याची सव्वीस तिकिटं एकगठ्ठा काढली आणि ती सगळी माझ्या एकट्याच्या नावावर काढली. सव्वीस जणांना सलग खुर्च्या हव्या होत्या. परदेशातल्या मराठी माणसाला सामना एकट्याने बघता येत नाही, कप्तानाला अक्कल शिकवताना हो ला हो म्हणणारा कुणीतरी शेजारी लागतोच. शिवाय मैदानात बाहेरचं खाणं न्यायला बंदी होती. त्यामुळे साबुदाणा वडे सव्वीस पिशव्यांत थोडे थोडे लपवून न्यायचे आणि आत एकत्र करायचे अशी योजना होती, आणि ती सलग खुर्च्यांशिवाय जमण्यासारखी नव्हती. ग्रुप बुकिंगला एकाच माणसाचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, लागायचा. "तुझा पास आत्ताच रिन्यू झालाय, तुझाच नंबर टाकू," असं मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. ते एका बँकेत आयटी मॅनेजर होते आणि स्वतःचा पास पाकिटातून बाहेर काढायची वेळ आली की त्यांना फोन यायचा.

मला त्या सामन्याचं एरवी एवढं कौतुक नव्हतं. पण त्या महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर आले होते. पिंपरीच्या एका स्कूटर कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली आणि युनियनमध्ये आयुष्य गेलं. क्रिकेटवर जीव, पण मैदानात बसून सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरुणपणी तिकीट परवडत नव्हतं, पुढे परवडलं तेव्हा वशिला नव्हता, आणि नंतर टीव्ही आला. एका फलंदाजाचा मात्र त्यांनी ध्यास घेतला होता. "त्याचा कव्हर ड्राइव्ह एकदा या डोळ्यांनी बघायचाय," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणाले की मी विषय बदलायचो.

कारण त्या डोळ्यांचं काय होणार आहे ते मला माहीत होतं. अण्णांना काचबिंदू होता. आपल्याकडे डॉक्टर आजार पेशंटला सोडून सगळ्यांना सांगतात. पुण्याच्या डॉक्टरांनीही अण्णांच्या हातात थेंबांची बाटली दिली आणि मला फोनवर खरं काय ते सांगितलं. उशीर झालाय, बाजूचं दिसणं आधी जाईल, समोरचं शेवटी. वर्ष, फार तर दोन. गेलेलं परत येत नाही. "त्यांना आत्ताच सांगू नका, धीर सोडतील," असा सल्लाही दिला. मी तो मुकाट्याने मानला, कारण मलाच सांगायचा धीर नव्हता. अण्णांना मी म्हटलं, थेंब घालत राहा, सगळं ठीक होईल. आणि प्रायश्चित्त म्हणून ते तिकीट.

सामन्याला दोन आठवडे असताना बातमी आली. खेळाडूंचं आणि त्यांच्या बोर्डाचं बिनसलं होतं. बोर्डाने पुढे केलेल्या करारावर खेळाडू सह्या करत नव्हते. कोणत्या जाहिरातीत कुणी दिसायचं आणि जखमी झाल्यावर कुणी बघायचं, असा काहीसा वाद होता. संयोजकांनी जाहीर केलं की सामना ठरल्याप्रमाणे होईल, फक्त "उगवत्या ताऱ्यांचा जोशपूर्ण संघ" येईल. पोस्टरवर अण्णांचा फलंदाज बॅट उंचावून उभा होता. आता त्याच्या छातीवर उगवत्या ताऱ्यांची पट्टी चिकटवली गेली.

मंडळात आगडोंब उसळला, म्हणजे एका दिवसात सत्तेचाळीस ईमेल आल्या. निषेध सभा घ्यायची ठरली. पण निषेध हा शब्द लिहिल्याबरोबर सगळ्यांच्या पाचावर धारण बसली. इथे पाच माणसं जमली तरी परवाना लागतो असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं. शेवटी सेक्रेटरींनी मरीन परेडच्या त्यांच्या कॉन्डोतली फंक्शन रूम घेतली. बुकिंगच्या फॉर्मवर वाढदिवस, प्रार्थना आणि इतर असे तीन चौकोन होते. 'इतर'वर खूण केली की कारण लिहावं लागायचं, म्हणून त्यांनी 'वाढदिवस'वर खूण केली.

सभेच्या दिवशी दारावरच्या तमिळ सिक्युरिटी अंकलनी विचारलं, "बर्थडे पार्टी, ना? केक व्हेअर?" सेक्रेटरी तसेच मागे फिरले आणि अर्ध्या तासाने केक घेऊन आले. केकवाल्याने नाव विचारलं तेव्हा गडबडीत जे सुचलं ते त्यांनी सांगितलं होतं. क्रीमच्या अक्षरात 'हॅपी बर्थडे अण्णा' होतं. सिक्युरिटी अंकलनी अण्णांचा हात हातात घेऊन त्यांना दीर्घायुष्य चिंतलं. अण्णांनी गंभीरपणे केक कापला आणि म्हणाले, "आमच्या सभेला पोलीस यायचे. तुमची प्रगती आहे."

मग निवेदन लिहायला घेतलं. 'आम्ही तीव्र निषेध करतो' इथून सुरुवात झाली. 'तीव्र' पहिल्या दहा मिनिटांत गेलं. निषेधाचा खेद झाला, खेदाची किंचित निराशा झाली, आणि तासाभराने आम्ही संयोजकांकडे त्यांच्या सोयीनुसार खुलाशाची नम्र विनंती करत होतो. माझी आठ वर्षांची मुलगी केक खाता खाता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, धिस वन नॉट कम्प्लेंट लेटर लाह. धिस वन थँक्यू कार्ड." पुढचा प्रश्न सहीचा होता. पहिली सही कुणाची? कुणाचा पास रिन्यूअलला होता, कुणाचा पीआरचा, म्हणजे कायम राहण्याचा, अर्ज आत होता, कुणाला पाणी प्यायला जायचं होतं.

तेवढ्यात नागपूरच्या संशोधक बाईंनी तिकीट उलटं केलं. त्या एका प्रयोगशाळेत काम करायच्या आणि मंडळात फार बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी हक्काची गोष्ट काढायची तर आधी कायदा वाचायचा, अशी सवय आहे. हे मागचं कुणी वाचलंय का?" कुणीच वाचलं नव्हतं. इतक्या बारीक अक्षरातला मजकूर आपल्या भल्याचा नसणार एवढं आम्हाला कळत होतं आणि तेवढ्यावर आम्ही थांबलो होतो. बाईंनी वाचून दाखवलं. चौदाव्या कलमाप्रमाणे तिकीट म्हणजे आवारात शिरण्याची आणि नेमून दिलेल्या खुर्चीवर बसण्याची परवानगी, बाकी काही नाही. कोण खेळेल, किती खेळेल, बरं खेळेल का, याची हमी नाही. आणि ग्रुप बुकिंगमध्ये जे काही हक्क असतील ते ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचे, बाकीचे त्याचे पाहुणे.

खोलीत एकदम मोकळं वाटायला लागलं. पंचवीस जणांना आपण पाहुणे असल्याचा इतका आनंद मी आजवर पाहिलेला नाही. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे सही तुझी एकट्याचीच. कायदाच आहे तसा."

अण्णांनी केकची बशी खाली ठेवली. आता त्यांनी विचारलं, "खेळाडूंचं म्हणणं काय आहे?"  दोन तासांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. सेक्रेटरी जरा चिडूनच म्हणाले, "काका, त्यांचं काहीही असो, आपण तिकीट काढलंय."

"आमच्या संपात असाच एक माणूस गेटवर आला होता," अण्णा म्हणाले. "हातात स्कूटरच्या बुकिंगची पावती. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची होती. आम्हाला वाटेल ते बोलला. मॅनेजमेंट त्याला दर महिन्याला सांगत होती, पुढच्या महिन्यात नक्की. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, दादा, स्कूटर येत नाही. लग्नाचं दुसरं काहीतरी बघा. तो रडला, पण जाताना माझ्या पाया पडायला लागला. गिऱ्हाइकाचा खरा हक्क एवढाच असतो बघा. काय आहे ते त्याला वेळेवर कळलं पाहिजे. पुढचं त्याचं तो बघतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. मीही टाळ्या वाजवल्या. माझी ऑफिसची बॅग खुर्चीला टेकून होती आणि तिच्यात पुण्याच्या डॉक्टरांनी मला परस्पर पाठवलेली अण्णांच्या डोळ्यांची फाइल होती. इथल्या एखाद्या डॉक्टरला त्यांच्या नकळत दाखवावी म्हणून आठवडाभर मी ती घेऊन फिरत होतो.

दोन दिवसांनी मी जेवणाच्या सुट्टीत संयोजकांच्या ऑफिसात गेलो. अण्णा बरोबर आले, वाटाघाटी बघायच्यात म्हणाले. ते भिंतीजवळच्या सोफ्यावर बसले. काउंटरवरची चिनी मुलगी अतिशय विनयशील होती. तिने माझं निवेदन पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "मॅच स्टिल गॉट, सर. सो रिफंड कॅनॉट."

मी पोस्टर दाखवलं. "पोस्टर इज नॉट टिकेट, सर." मी इरेला पेटलो. म्हटलं, हॉकर सेंटरला मी चिकन राइस मागितला आणि तुम्ही नुसता भात दिलात तर? तिने खरंच थोडा विचार केला. मग म्हणाली, "चिकन ऑल्सो गॉट, सर. ओन्ली डिफरंट चिकन."

मागे अण्णा हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दहा वर्षं मी या शहरात रांगेत उभा राहिलो, फॉर्म भरले, एकदाही आवाज चढवला नाही, आणि आता एका कोंबडीवरून हरणार? मुलीला माझी दया आली असावी. ती हळूच म्हणाली की नियमाला एकच अपवाद आहे. मेडिकल कारण असेल तर तिकीट परत घेता येतं. एमसी आहे का?

एमसी, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. या देशात त्यापुढे सगळे हात टेकतात. आणि माझ्या बॅगेत तर अख्खी फाइल होती. मी ती काउंटरवर आपटली आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं की माझे वडील आंधळे होणार आहेत. वर्ष, फार तर दोन. कुठल्याही उपचाराने गेलेली नजर परत यायची नाही, हे बघा डॉक्टरचं पत्र. आता सांगा, हे कारण पुरेसं आहे का?

मुलगी उभी राहिली. "सो सॉरी, सर," म्हणाली आणि फॉर्म काढायला लागली. मी जिंकलो होतो. अण्णांकडे वळलो, तर ते माझ्याकडेच बघत होते. अण्णांनी पंचवीस वर्षं मॅनेजमेंटचे करार इंग्रजीत, कलमाकलमाने वाचले होते. त्यांना इंग्रजी कळतं हे मी विसरलो नव्हतो. ते तिथे बसलेत, एवढंच विसरलो होतो.

अण्णा उठले, काउंटरपाशी आले आणि फॉर्म परत तिच्याकडे सरकवला. "मॅडम, आय विल नॉट टेक," ते त्यांच्या गेटसभेच्या इंग्रजीत म्हणाले. "प्लेअर्स आर ऑन स्ट्राइक. आय अ‍ॅम विथ द प्लेअर्स." मग फाइल उचलून त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातली. "ओके, अंकल," ती म्हणाली.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते माझ्याशेजारी ताठ बसले होते. गाडी सुटली. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार महिने."

"संघ बदललाय हे या लोकांनी मला दोन आठवडे आधी पेपरात तरी सांगितलं," अण्णा म्हणाले. "तू तेवढंही केलं नाहीस."

मी काहीतरी बोलायला गेलो. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, डॉक्टरच म्हणाले म्हणून. माझ्याच कानाला ते काउंटरवरच्या उत्तरांसारखं लागलं. मला इतकी लाज वाटली की सेरंगून येऊन गेलं तरी मी उठलो नाही, आणि अण्णांनीही उठवलं नाही.

सामन्याच्या दिवशी मंडळ मैदानावर गेलं. दारावर पहिल्याच पिशवीत वडे सापडले, मग पुढच्या तेवीस पिशव्याही उघडल्या गेल्या. उगवते तारे लवकर मावळले. संध्याकाळी सेक्रेटरींची ईमेल आली की सामना एकंदरीत चांगला झाला आणि खुर्च्या सलग होत्या.

आम्ही दोघे त्या सकाळी पुलाउ उबीन बेटावर निघालो होतो. अण्णा म्हणाले होते, माणसांनी बांधलेलं पुष्कळ पाहिलं, आता जरा पाणी आणि झाडं दाखव. धक्क्यावर बंबोट, म्हणजे बेटावर नेणारी लहान होडी, उभी होती, पण बारा माणसं जमल्याशिवाय ती सुटत नाही आणि आम्ही आठवे-नववे होतो. अण्णा बाकावर बसले, त्यांनी पिशवीतून फाइल काढली आणि माझ्या हातात दिली.

"अक्षर बारीक आहे," ते म्हणाले. "तू वाच. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता."

मी वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला, एक वाक्य परत वाचायला लावलं आणि मान हलवली. मी रडत होतो, ते नव्हते. शेवटच्या सहीपर्यंत वाचून झालं तेव्हा नावाड्याने बारा झाले म्हणून हाक मारली.

अण्णा उठले. "मला पुढच्या बाजूला बसव," ते म्हणाले. "समोरचं अजून स्वच्छ दिसतं."