‘आय’नंतर थेट ‘के’

“जे कुठे आहे?”

पुण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन. मी स्क्रीनवर पाहिलं. आय होता, के होता. मधला जे नव्हता.

“सर, मूळ छापील पानातच नाहीये.”

“मग छापणाऱ्याची चूक. तू टाक, के आहे तिथे जे, एल आहे तिथे के, असं शेवटपर्यंत. संध्याकाळी फाइल गेली पाहिजे.”

मी काय काम करते ते इथेच सांगते, कारण आमच्या रनाळे गावात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, लोकांना सांगतात, “पोरगी इंग्रजस्ना गाना टाइप करी ऱ्हायनी.” ते फार चूक नाही. जुनी छापील स्वरलिपीची पुस्तकं स्कॅन होऊन येतात. ती मी घरी बसून एकेक स्वर घालत सॉफ्टवेअरमध्ये नव्याने उतरवते. याला म्युझिक एनग्रेव्हिंग म्हणतात. मी फिजिक्सची बी.एस्सी. घरातून कॉलेजला गेलेली पहिली. मला गाता येत नाही. पाच रेघांवर लिहिलेलं हे संगीत वाचता मात्र येतं, आणि ते मी ट्रेनिंगच्या बॅचमध्ये सगळ्यांच्या आधी शिकले.

काम होतं एका इंग्रज संगीतकाराच्या ऑर्केस्ट्रा आणि समूहगानाच्या रचनांचं. पहिला खंड मला एकटीला दिलेला. तो बिनचूक गेला तर पुढचे खंड माझे. नाही तर परत दुसऱ्यांची प्रुफं तपासत बसायचं.

अशा रचनेचं मोठं पुस्तक म्हणजे फुल स्कोअर. त्यात सगळ्या वाद्यांच्या आणि गायकांच्या ओळी एकाखाली एक असतात. ते फक्त कंडक्टरसमोर. वादकांना आपापल्या ओळीची पानं मिळतात. गायकांचं पुस्तक वेगळं, त्याला व्होकल स्कोअर म्हणतात. तालमीत थांबलं की पुन्हा कुठून सुरू करायचं ते सर्वांना एकदम कळावं, म्हणून मध्ये मध्ये मोठी अक्षरं छापतात. कंडक्टर म्हणतो, “के पासून”, की सगळे के पाहतात. एसटीच्या थांब्यांसारखं.

छापणारा एक अक्षर विसरला, हे मला पटत होतं. पण मला राहवेना. त्याच संगीतकाराच्या पुढच्या खंडांचे स्कॅन उघडले. एकातही जे नाही. प्रकाशक दोन वेगळे, तरी नाही. मी सरांना फोन केला.

“असेल जुन्या लोकांची पद्धत,” सर म्हणाले. “आता कोण पाळतं? आपलं चेकिंग टूल लाल दाखवतंय ना? भर.”

क्लायंटला विचारू का, म्हटलं. त्यावर ते म्हणाले की ए-बी-सी-डीवरून प्रश्न विचारला तर आपली काय इज्जत राहील. तेही खोटं नव्हतं.

मी माउस हातात घेतला. तेवढ्यात अंगणात आवाज वाढला. अप्पा तुरीची पोती टेम्पोत भरत होते. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. टेम्पोवाला विसरवाडीकडचा, नवा. त्याला वाटलं, अप्पांनी देवाचं नाव घेतलं, मोजणी पुढच्या पोत्यापासून. तो मनात मोजत राहिला. शेवटी अप्पांची पोती अकरा, त्याची दहा.

“एक कोठे गया, अप्पा?”

“लाभ तोच एक शे, भाऊ. तू काय झोपी ग्या व्हता?”

“मंग माले काय माहीत, तुम्ही एकले लाभ म्हनतस.”

मी खिडकीतून पाहत होते. पोती तीच. पण अप्पा सातवं म्हणाले असते, तर त्याने अप्पांचं आठवं उचललं असतं. मी माउस खाली ठेवला. आपण कंडक्टरचं पुस्तक आणि वादकांची पानं नवी करतोय. गायकांची पुस्तकं कोण करतंय?

सरांना तेवढंच विचारलं. त्यांनी ऑर्डर उघडून पाहिली.

“आपल्याकडे ऑर्डर नाही त्यांची.”

“म्हणजे ते जुन्याच पुस्तकातून गाणार, सर. कंडक्टर के म्हणाला, की वाजवणारे एकीकडे आणि गाणारे दुसरीकडे.”

“क्लायंटला विचार,” सर म्हणाले. “पण नीट इंग्रजीत.”

विचारलं. तासाभरात तिकडच्या संपादक बाईंचं उत्तर आलं. कृपा करून काही भरू नका. गायक जुनीच पुस्तकं वापरणार आहेत, आणि ऑर्केस्ट्राबरोबर त्यांना एकच तालीम मिळणार आहे. हाताने लिहिलेले आय आणि जे सारखे दिसतात, घोटाळा होतो, म्हणून जुने लोक जे गाळायचे. प्रश्न विचारल्याबद्दल आभार, असंही शेवटी होतं. ते वाक्य सरांनी सगळ्या टीमला फॉरवर्ड केलं. माझं नाव टाकायचं राहिलं त्यांच्याकडून. पुढचे खंड मात्र मलाच आले.

गाळलेलं दिसलं की लगेच भरू नये, तेच पान आणखी कुणाच्या हातात आहे ते आधी पाहावं, एवढं मी शिकले. चेकिंग टूलमध्ये त्यासाठी नवा नियम घातला. त्याला नाव द्यायचं होतं, मी ‘लाभ’ दिलं. या धंद्यात तुत्ती, डिव्हिसी असे इटालियन शब्द पावलोपावली असतात. परवा पुण्यातल्या एका नव्या पोराने मेसेज करून विचारलं, लाभचा इटालियनमध्ये अर्थ काय?

मी लिहिलं, एक.