हळदीकुंकवाचे पट्टे

परवा सकाळी भाजीची पिशवी घेऊन घराबाहेर पडले आणि आमच्या रुआबांधा वस्तीच्या वळणावर रंगाचा वास आला. गरम, तेलकट, नाकात ठाण मांडून बसणारा. दोन माणसं एक छोटी गाडी ढकलत डांबरावर पांढरे पट्टे ओढत होती. मी तिथेच उभी राहिले आणि एकटीच हसायला लागले. माझ्या वयाच्या बाईने रस्त्याच्या कडेला असं हसावं याचं त्यांना नवल वाटलं असणार. पण त्यांना काय ठाऊक, या जागेवर पट्टे काही पहिल्यांदा उमटत नव्हते! पहिले पट्टे माझ्या आईने ओढले होते, तेही रांगोळीचे.

भंडाऱ्याकडचं गाव सोडून बाबा दुर्गजवळच्या या पोलाद कारखान्यात लागले आणि आई इथे आली, तेव्हा हा रस्ता अरुंद होता. दोन्ही अंगांना गुलमोहर, त्यांच्या सावलीत मातीची पायवाट. तिच्यावरून शाळेला जावं, दळणाला जावं, उगाच कुणाकडे जाऊन बसावं. रस्त्यापलीकडे आईची मैत्रीण राहायची, तिच्याच मुलखातली. मी तिला मावशी म्हणते. दोघींचं रोज एकदा तरी भेटल्याशिवाय भागत नसे. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला तर दोघी हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार पायी फिरत. बोलावणं पायी जाऊनच करायचं असतं. फोनवर केलेलं आई मोजतच नसे.

मग रस्ता रुंद झाला. गुलमोहर गेले, पायवाट डांबराखाली गेली, मध्ये उंच दुभाजक आला आणि त्यात जेमतेम एक फट राहिली. खरं सांगते, सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. नवी स्कूटी होती, आणि समोर कुणी चालणारं आलं की मी वैतागून हॉर्न वाजवायची. इकडे मावशीचे गुडघे गेले, तिला जिनाही उतरवेना. भेटायचं तर आईनेच पलीकडे जायचं. आई कडेला उभी राहायची, एक पाऊल टाकायची, मागे घ्यायची, आणि शेवटी घरी येऊन पदराने घाम पुसायची. त्या वर्षी तिचे वाणाचे डबे दोन दिवस तसेच पडून राहिले. मी म्हटलं, ऑटो करून देते, चौकातून वळून जा. तर म्हणाली, "तिचं घर मले इथून दिसते. आटोत कावून बसू मी? पाय काय पूजेले ठेवले का?"

पुढच्या संक्रांतीला पहाटपाळीचे लोक कारखान्यात गेले आणि रस्ता थोडा निवांत झाला, तशी आई चार बायकांना घेऊन बाहेर पडली. दुर्गच्या मोठ्या चौकात तिने चालणाऱ्यांसाठी आखलेले पट्टे पाहिले होते. रांगोळीचं पातेलं घेऊन पाचही जणी वाकल्या आणि दुभाजकाच्या फटीपर्यंत, फटीपलीकडे, हातभर रुंदीचे सुरेख पट्टे आखले. मी स्कूटी आडवी लावून पहारा देत होते, लाजेने मान खाली घालून.

आणि गाड्या थांबल्या हो! हॉर्नला न बधणारे ट्रकवाले ताज्या रांगोळीवर चाक घालायला कचरले. एका हवालदाराने येऊन इथल्या बोलीत विचारलं, "दाई, सड़क म चउँक पूरे हव?" म्हणजे, आई, रस्त्यात रांगोळी घातलीत? आईने तिच्या खास हिंदीत सांगितलं, "रस्ता पार करने का है भैया, तुम जरा गाडी रोको." तो खरोखर हात आडवा करून उभा राहिला. आता चला, म्हणून मी आईकडे पाहिलं, तर पाचही जणी जागच्या हलेनात. हौसेच्या भरात त्यांनी प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला हळदीकुंकू वाहिलं होतं. त्यावर पाय कोण देणार?

"आता काय करून राहिली तू?" मी ओरडले.

"थांब न! लक्ष्मीवर पाय देऊ का?" असं म्हणत आईने पदर खोचला आणि पट्ट्यांच्या बाजूबाजूने, वाणाचा डबा सांभाळत, ती पलीकडे गेली. मागून चौघी एका ओळीत. मावशी खिडकीत बसून बघत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुपारपर्यंत रांगोळी उडून गेली. मग आई प्रत्येक सणाला पट्टे आखू लागली, आणि कॅलेंडरात सण नसला तर शोधून काढू लागली. चतुर्थी, एकादशी, काहीही चालायचं. मीही सुधारले. कचेरीत अर्ज दिले, पुन्हा दिले. साहेब हसून म्हणायचे, पायी चालतं कोण आता? मला राग यायचा. चालायला जागाच ठेवली नाही तर चालणारे दिसतील कुठून? उड्डाणपुलाला निधी मिळतो. मग सावलीची चार झाडं, सलग पदपथ, पलीकडे जायचे पट्टे, यांच्यासाठी सरकारी तिजोरी उघडायला एवढी टाळाटाळ का? म्हाताऱ्या बाईला मैत्रिणीकडे पायी जाता यावं, ही सार्वजनिक कामाचीच गोष्ट आहे असं मी अजून अर्जात लिहिते. पदपथ अजून झालेला नाहीच. पट्टे मात्र आले, आई गेल्याला तीन संक्रांती लोटल्यावर.

रंग वाळेपर्यंत मी थांबले. मग भाजी आणायचं बाजूला ठेवून तडक मावशीकडे निघाले. एक गाडी थांबली, दुसरी थांबली. मावशी तिच्या खिडकीतच होती, आता नजर अधू झालेली. मी धापा टाकत सांगितलं, मावशी, सरकारने पट्टे आखले, पक्के, न उडणारे.

तिने माझा हात चाचपला आणि विचारलं, "मंग? पाय देऊन आली त्याच्यावर?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. "नाही गं मावशी," मी म्हटलं, "बाजूनंच आली."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि आईसाठी सरकायची तशी खाटेवर थोडी सरकली.