भरवणारीचा हेवा

डोंबिवलीहून आंबिवलीजवळच्या वृद्धाश्रमात मी दर रविवारी जाते. आईला विसरण्याचा आजार जडला, ती दोनदा घराबाहेर निघून गेली, तेव्हा नोकरी सांभाळून तिला घरी ठेवणं मला झेपेना. लोक काय म्हणतील याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. फार वाटलं.

पण त्याहून जास्त डोक्यात गेली ती आईला भरवणारी बाई. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांची 'मावशी'. मी घास पुढे केला की आई तोंड फिरवायची, आणि हिच्या हातून मुकाट जेवायची. वर तिला 'बाळ' म्हणायची! मला उभ्या जन्मात कधी बाळ म्हटलं नाही. माझ्या वाट्याला नुसतं 'अगं ए'. मेतकूट मी घरून करून न्यायचं आणि कौतुक हिचं व्हायचं. माझा नुसता जळफळाट.

एका रविवारी मी ऑफिसात जाऊन तक्रार केली, की ही आईच्या तोंडात घाईघाईने घास कोंबते. धादांत खोटं. त्यांनी तिची ड्यूटी वरच्या मजल्यावर लावली.

बुधवारी फोन आला. आईने अन्न टाकलं होतं. रजा टाकून गेले, तासभर वाटी घेऊन बसले, लाडीगोडी लावली, शेवटी तिच्यावर ओरडले. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मग जिना चढून मीच मावशीला बोलवायला गेले. माफीचं वाक्य मनात जुळवत होते, तर तीच पुढे आली. "ताई, आजी जेवल्या का?"

तिने खाली येऊन भात कालवला. आईने लगेच घास घेतला. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी मावशीचा हात झटकून टाकावासाही वाटला.

चार घास पोटात गेल्यावर आईचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"बाळ, ही बाई कोण गं? तोंड बघ किती सुकलंय हिचं. हिलाही भरव."

मावशीने घास उचलला आणि माझ्याकडे बघत थांबली. आईचीही नजर माझ्यावरच होती.

मी तोंड उघडलं.