शेवटचा पाय

जन्मभर लोकांना 'पुढे चला, पुढे चला' म्हणून ओरडलेल्या बस कंडक्टरने सुटीच्या दिवशी रग्बीचा पंच व्हावं, हा योग काही औरच. कारण रग्बीत पंचाचं निम्मं काम म्हणजे लोकांना मागे ठेवणं. चेंडूवर खेळाडूंचा ढीग पडला, की बाकीच्यांनी त्या ढिगातल्या आपल्या शेवटच्या गड्याच्या पायामागे उभं राहायचं. तीच ऑफसाइडची रेषा. ती मैदानावर आखलेली नसते, पंचाच्या डोळ्यात असते.

डोळा कंडक्टरांचा पक्का होता. पायरीवरचा शेवटचा पाय आत आल्याशिवाय त्यांनी कधी घंटी मारली नव्हती. खोड होती ती जिभेला. म्हणून आठवडाभर बायकोने त्यांना स्वयंपाकघरात घोकायला लावलं. ती लाटणं आडवं धरायची आणि हे म्हणायचे, "मागे थांबा."

"जमतंय की," ती म्हणायची.

पक्क्या पंचाचा बिल्ला मिळण्याची आजची संधी शेवटची. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. परीक्षक बाई कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. बायकोही सामना बघायला आली होती. सामना छान रंगला. कंडक्टरांनी नुसता हात दाखवला, तरी गडी मागे सरत होते. आणि अगदी शेवटी, निळ्यांच्या गोलरेषेजवळ भलामोठा ढीग पडला, माणसं दाटली आणि सवयीने डाव साधला.

"पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!"

निळे गडी गुणी. पंच सांगताहेत म्हटल्यावर सगळे मुकाट पुढे सरकले. लालवाल्यांनी ऑफसाइडची पेनल्टी मागितली. कंडक्टरांनी परीक्षक बाईंकडे पाहिलं. गोंगाटात कडेपर्यंत काही ऐकू गेलं नसणार. पेनल्टी दिली की प्रकरण मिटत होतं, बिल्लाही वाचत होता.

त्यांनी शिट्टी मारली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चूक माझी. यांनी फक्त माझं ऐकलं. पेनल्टी नाही. खांदे भिडवून नव्याने सुरुवात, स्क्रम. चेंडू लालकडेच."

दोन्ही संघ पोट धरून हसले.

सामन्यानंतर बाई म्हणाल्या, "डोळा पास, जीभ नापास. पण स्वतःची चूकही त्याच जिभेने मोठ्याने सांगितली, म्हणून हा घ्या. आणि यापुढे शिट्टी तोंडातून काढू नका."

कंडक्टरांना इतका आनंद झाला, की आभार मानायचेही राहून गेले.

घरी जायच्या बसला गर्दी होती. "पुढे चला," आतून दुसरा कंडक्टर ओरडला. हे मात्र बिल्ला सावरत, पुढच्या माणसाच्या टाचेमागे दारातच उभे.

"अहो, सरका की," मागून बायको म्हणाली. "इथे ऑफसाइड नसतं."