घण मारणारी बाई

लढाईच्या दिवसांत आमच्या मुरबाडच्या भाताच्या लॉरीचे पाटे, म्हणजे खालून धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, पार बसले होते. नवे कुठेच मिळेनात. बायकोला नववा महिना लागलेला. पोर आडवं आहे असं सुईणीने सांगितलेलं, आणि कल्याणच्या डॉक्टरकडे तिला याच लॉरीतून न्यायचं होतं.

शेवटी गावाबाहेर उतरलेल्या फिरत्या लोहार जोडप्याला अंगणात आणलं. नवरा चिमट्यात पट्टी धरून बसायचा. घण मारायची ती. पदर कमरेला खोचलेला, गालात तंबाखू. सल्ले द्यायला गावातली सगळी प्रतिष्ठित पोटं जमली होती. ती म्हणाली, "सरका रे, घणाला मानपान कळत नाय." पोटं सरकली.

एकेक पट्टी तापवून, ठोकून तिने पुन्हा बाक दिला आणि तेलात विझवली. पाटे बसवून झाल्यावर मी बायकोसाठी लॉरीत पेंढा पसरू लागलो. लोहारणीने तो ओढून खाली टाकला.

"आधी तू बस. असाच."

"मी कशाला?"

"मंग काय पोटुशी बाई बसवून बघतोस?"

माझ्या भावाने लॉरी चालवत मला ओढ्यापर्यंत खडकांवरून नेऊन आणलं. मी उतरलो तेव्हा ती माझ्या चालण्याकडे निरखून बघत होती.

"सरळ चालतोय. आता घाल पेंढा नि बसव तिला."

कल्याणला मुलगी सुखरूप झाली. त्या बाईचं नाव विचारायला हवं होतं, हे मला थेट बारशाच्या दिवशी सुचलं.