माळवदाची माती

गंगापूरकडच्या एका वस्तीवर आम्ही शेतमजुरांसाठी घरं बांधली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: घर गार राहिलं पाहिजे. पत्र्याखाली माणसं कशी भाजून निघतात ते मी पाहिलं होतं. म्हणून भिंती मातीच्या जाड विटांच्या, आणि स्लॅबवर, जुन्या घरांच्या सपाट छपरावर, म्हणजे माळवदावर, असायचा तसा, पांढऱ्या मातीचा वीतभर थर. खर्च बेताचा, आणि मे महिन्यातही पंख्यावाचून भागेल. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी येईल त्या पाहुण्याला तेव्हा चहाबरोबर हे माळवदही ऐकून घ्यावं लागे.

त्या मे महिन्यात मी मोठ्या कौतुकानं वस्तीवर गेले. पहिलंच घर एका मजूर जोडप्याचं. सोबत नवऱ्याची म्हातारी आई आणि वर्षभराची मुलगी. दारातून आत पाऊल टाकताच गारवा लागला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हातारी एकटीच आडवी झाली होती. सून कुठाय विचारलं, तर तिनं हनुवटीनंच मागची बाजू दाखवली.

घरामागं चार बांबूंवर पत्रा टाकलेला. त्याखाली सून लेकीला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. पोरीच्या अंगभर घामोळं, मान तर लालेलाल सोलवटलेली. माझं डोकंच फिरलं.

"अगं, वेड लागलंय का तुला? एवढं गार घर सोडून पोरीला इथं भाजतेस?"

"ती आत येतच नाय, ताई," मागून आलेली म्हातारी म्हणाली. "रातीबी हितंच. मी लई बोलले, नवरा भांडला. ऐकत नाय."

मी आणखी तोंड सोडणार, तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "वर माती हाय ना, ताई."

"मग?"

"माझं म्हायेर लातूरकडं. भूकंपात आमचं माळवद खाली आलं. आई गेली, दोघं भाऊ गेले. मला दुसऱ्या दिशी काढलं मातीखालून." मग माझीच समजूत घालावी तसं म्हणाली, "आमचं घरबी असंच व्हतं. लई गार."

मातीखाली सळयांचा पक्का स्लॅब आहे, हे घर तसं पडायचं नाही, हे मला सांगता आलं असतं. खरंच होतं ते. पण भूकंपाच्या त्या पहाटे आमच्याही मांडणीवरची भांडी खडखडली होती. आम्ही उठलो, हसलो आणि चहा टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी मी माणसं लावून माती उतरवली. सून स्वतः वर चढली आणि घमेली भरभरून खाली रिकामी करत राहिली. कुणी थांब म्हटलं तरी थांबली नाही. मग मोकळ्या स्लॅबवर आम्ही चुन्याचे दोन हात दिले.

पुढच्या खेपेला गेले तर मायलेकी आत होत्या. घर पहिल्यासारखं गार नव्हतं. बसल्या बसल्या माझ्याच कपाळाला घाम आला.

"रात्री लई उकडत असेल ना गं?" मी विचारलं.

"उकडतं की," ती म्हणाली. "जाग येती, अंग समदं भिजलेलं असतं. मग कळतं, वर माती नाय. मग परत झोपते."